ट्रंकेतले फोटो: मोबाइल बरा की स्कॅनर?

२०१९ च्या पुरात मामांच्या घरातले सगळे अल्बम गेले. तेव्हापासून कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेतल्या घराच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेची धास्ती होती. या हिवाळ्यात ती खाली काढली, तीन-चारशे फोटो निघाले. त्यांच्या डिजिटल कॉपी करून ठेवायचं ठरवलं. भाऊ म्हणाला, "मोबाइल हाय की हातात, स्कॅनर कशाला?" मी मित्राचा फ्लॅटबेड स्कॅनर (काचेवर फोटो पालथा ठेवायचा तो) पंधरा दिवसांसाठी मागून आणला आणि दोन्ही करून बघितलं.

वेगात मोबाइल पुढं, यात वादच नाही. सकाळी सोप्यात, थेट ऊन नाही पण उजेड मुबलक अशा जागी पाट मांडला की काम भराभर उरकतं. गूगलचं फोटोस्कॅन अ‍ॅप एकाच फोटोचे चार-पाच शॉट घेऊन चकाकी काढतं, पण मला त्यात बारकावा थोडा मऊ वाटला. साधा कॅमेराच फोटोच्या बरोबर वर, समांतर धरलेला बरा.

स्कॅनरची खरी गंमत छोट्या कृष्णधवल फोटोंत. खासबाग मैदानातल्या कुस्तीचा आजोबांनी जपलेला फोटो जेमतेम अडीच बाय साडेतीन इंचांचा. मोबाइलवर काढून मोठा केला तर मागच्या फेट्यांचा नुसता लगदा. स्कॅनरवर १२०० डीपीआयला, म्हणजे इंचामागं १२०० ठिपके, घेतला (सुमारे सव्वा कोटी पिक्सेल), तर तिसऱ्या रांगेत मिशीवर हात ठेवलेला एक माणूस उमटला. आजी चष्मा पुसत म्हणाली, "आगं बया, हे तर थोरलं भाऊजी की!"

४ बाय ६ च्या फोटोला ६०० डीपीआय पुरे. ३०० वर घेतला तर पिक्सेल चौथाईच.

पण स्कॅनरही काही ठिकाणी हरतो. आईबाबांच्या लग्नातले फोटो खरबरीत, जाळीदार कागदावरचे. स्कॅनरचा उजेड एका अंगानं येतो, त्यामुळं जाळीच्या कडा चमकून चेहऱ्यांवर पांढरी रवाळ खडी पसरते. तेच फोटो खिडकीपाशी मोबाइलनं स्वच्छ आले. वाकलेले फोटोही पातळ, स्वस्त स्कॅनरवर कडेला धूसर होतात. अल्बमच्या चिकट पानाला धरलेला किंवा फ्रेमच्या काचेला डकलेला फोटो तर ओढायचाच नाही, आहे तसा वरून मोबाइलनं टिपायचा. काचेत आपलं प्रतिबिंब पडू नये म्हणून फोनमागं काळं कापड धरावं.

स्टुडिओत देणं हा तिसरा मार्ग, पण आई ट्रंक घराबाहेर सोडायला तयार नाही, विषय संपला. निगेटिव्ह असतील तर मात्र तिकडंच जा. साध्या स्कॅनरवर त्या होत नाहीत आणि प्रिंटपेक्षा त्यांत तपशील जास्त असतो.

तर तुमचे फोटो बहुतेक ४ बाय ६ चे रंगीत असतील आणि फोनवरच बघायचे असतील, तर स्कॅनर विकत घेऊ नका. बारके कृष्णधवल असतील, मोठे करून भिंतीवर लावायचे असतील, तर मोबाइलवर भागवू नका. स्कॅनर आठवडाभर कुणाकडून तरी मागून आणा. सगळी ट्रंक त्यावर घालायची गरज नाही, आमच्याकडं साठेक फोटोच त्या लायकीचे निघाले. लालसर पडलेल्या फोटोंचे रंग सुधारायचे ते कॉपीवर, मूळ फाइल तशीच ठेवायची.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो टाकला की बारकावा जातो. मी खासबागेचा फोटो घरच्या ग्रुपवर आधी साधाच टाकला, तर पुण्याच्या आत्याचा लगेच फोन: "थोरले काका कुठायत रे यात?"