‘ड्रॅक्युला’ (1931) ब्लू-रे : लुगोसी ऐकायचा तर

युनिव्हर्सलने 2012 मध्ये डागडुजी केलेली ही प्रत ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसीसाठी घ्यावी. बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहातला हा नट नटांच्या संघटनेतल्या कामामुळे 1919 मध्ये देशोधडीला लागला आणि 1920 च्या अखेरीस अमेरिकेत पोहोचला. 1922 मध्ये न्यूयॉर्कला पहिली इंग्रजी भूमिका त्याने केली, ती नुसते उच्चार पाठ करून! 1927-28 मध्ये ब्रॉडवेवर त्याच्या ‘ड्रॅक्युला’ नाटकाचे 261 प्रयोग झाले, तरी चित्रपटासाठी त्याला मिळाले अवघे 3500 डॉलर.

त्याच्या मातृभाषेत, हंगेरियनमध्ये, आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. त्याची इंग्रजी वाक्यं म्हणूनच अडखळत नाहीत, तोलून पडतात. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, त्यामुळे त्याचे विराम स्वच्छ ऐकू येतात. मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. साउंडबारचा सराउंड परिणाम बंद ठेवा, नाहीतर आवाज पोकळ होतो. संगीतकार फिलिप ग्लासने 1998 मध्ये या चित्रपटासाठी नव्याने रचलेलं संगीत पर्यायी ट्रॅकवर आहे. सुंदर आहे, पण नेमके तेच विराम भरून टाकतं. पहिल्यांदा पाहताना नकोच.

चित्र जवळपास चौकोनी, 1.20:1. टीव्हीवर झूम केलंत तर वरखालची चौकट कापली जाते. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

त्याच सेटवर रात्री चित्रित झालेली स्पॅनिश आवृत्तीही डिस्कवर आहे. तिथला कॅमेरा अधिक चपळ, पण लुगोसी नाही. त्याच्यावरचा माहितीपट मात्र चित्रपटानंतरच लावा.