१,३५,१४० रुपये आणि साठ प्रती

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. कारण एकच, लाज. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी ठेकेदारांची बिलं तपासण्यात गेली. एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, मोजमाप चढल्याशिवाय मी एका रुपयाचं बिल पुढे पाठवलं नाही, मग वरून कोणाचाही फोन येवो. आणि त्याच माणसाने स्वतःच्या कादंबरीसाठी ९२,०४० रुपये काम बघण्याआधीच देऊन टाकले. पुढे तो आकडा १,३५,१४० वर गेला. प्रती ठरल्या होत्या पाचशे. हातात आल्या साठ.

'लेखक व्हा, तुमचं पुस्तक आम्ही काढतो' अशा जाहिराती तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या असतील. तो धंदा कसा चालतो ते मी सांगत बसत नाही. मी मूर्ख नव्हतो, तरी सापडलो, ते कसं हे सांगतो.

कादंबरी पांझरेच्या काठच्या फड बागायतीवर आहे. बंधारा, पाट, आळीपाळीने मिळणारं पाणी आणि ते पाणी वाटणारा एक म्हातारा पाटकरी. सात वर्षं लिहीत होतो. एका प्रकाशकाने हस्तलिखित चौदा महिने ठेवून घेतलं आणि न उघडता परत केलं. मी आत ठेवलेला कागदाचा कपटा जागचा हलला नव्हता. दुसऱ्याने सांगितलं, तीनशे प्रती तुम्हीच विकत घ्या. आई तेव्हा चौऱ्याऐंशीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अर्पणपत्रिकेत तिचं नाव होतं आणि पुस्तक तिच्या हातात पडावं एवढीच घाई होती. या घाईला कोणी हाव म्हणत असेल तर म्हणो.

ऑगस्ट २०२३ मध्ये फेसबुकवर जाहिरात दिसली. नंबर टाकला, दहाव्या मिनिटाला फोन. 'लेखक समन्वयक' म्हणून एक मुलगी बोलत होती. पहिले दोन आठवडे मला 'सर' म्हणायची, पैशांचा विषय निघाला तसं 'काका' सुरू झालं. पॅकेज ७८,००० रुपयांचं, वर १८ टक्के जीएसटी १४,०४०. त्यात संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा तेरा अंकी ओळखक्रमांक), पाचशे प्रतींची ऑफसेट छपाई, ई-बुक, वितरण, 'राष्ट्रीय ग्रंथालयात नोंद' असं सगळं. २१ ऑगस्टला २५,०००, ३ ऑक्टोबरला ३५,०००, ९ नोव्हेंबरला ३२,०४०.

बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अहो, आधी दहा प्रती हातात द्या म्हणा त्यांना." मी तिला सांगितलं, छपाईचं तुला कळत नाही. मला तरी कुठे कळत होतं? पुस्तक काढणं म्हणजे दहा वेगवेगळ्या माणसांची दहा कामं असतात. संपादक वेगळा, डीटीपीवाला वेगळा, प्रूफं तपासणारा वेगळा, चित्रकार वेगळा, प्रेस वेगळी, बाइंडर वेगळा, आणि दुकानात पुस्तक ठेवायला चाळीस-पन्नास टक्के कमिशन मागणारा विक्रेता आणखी वेगळा. एकेकाकडे गेलो असतो तर प्रत्येकाला 'दर काय, नमुना दाखव' म्हटलं असतं. सगळं एका गाठोड्यात बांधून समोर आलं, म्हणून एकही गाठ सोडून बघितली नाही. माझं अज्ञान त्यांनी मलाच विकलं.

ऑक्टोबरमध्येच 'आयएसबीएन आणि कॉपीराइट फी' म्हणून ६,५०० मागितले. पॅकेजमध्ये आयएसबीएन आहे ना, असं विचारलं. "काका, ते अलॉटमेंट होतं, ही गव्हर्न्मेंट फी." भरले. नीट वाचा: भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःच्या नावानेही करू शकतो. आणि कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, १९५७ च्या कायद्याने. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, करायची तर साहित्यकृतीला ५०० रुपये.

नोव्हेंबरात मुद्रितशोधनाचे वेगळे ९,६००. पानाला ३० रुपये, ३२० पानं. "पॅकेजमधलं बेसिक होतं काका, तुमच्या पुस्तकात बोलीभाषा आहे." हे मला पटलं, कारण संवाद अहिराणीत आहेत.

आता तो क्षण. रोज रात्री अंथरुणावर पडलो की तो आठवतो.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर अंतिम पीडीएफ आली. आतलं दुसरं-तिसरं पान, जिथे प्रकाशक, मुद्रक, हक्क हे असतं, ते उघडलं. तिथे लिहिलं होतं: 'सर्व हक्क प्रकाशकाधीन.' मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खाली आयएसबीएन होता, आवृत्ती होती, किंमत ४२० रुपये. लेखकाच्या हक्काचा एक शब्द नाही. पुढे सरकलो. अठराव्या पानावर पाटकरी विचारतो, 'काय करी ऱ्हायना भाऊ?' तिथे छापलेलं होतं 'काय करी र्हायना'. रफार ह च्या डोक्यावर. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'वऱ्हाड'चं 'वर्हाड'. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये ओतताना हा ऱ्य-ऱ्ह हमखास मोडतो, हे मला आज माहीत आहे. अहिराणीत तर दर तिसऱ्या वाक्याला ऱ्हायना. म्हणजे एकाही माणसाने एकही पान वाचलेलं नव्हतं. ज्या कामाचे ९,६०० घेतले ते झालंच नव्हतं आणि त्याचा पुरावा माझ्या तळहातावर उजळत होता.

तेव्हाच फोन करून त्या समन्वयक मुलीला विचारलं. "काका, हक्काची ओळ टेम्प्लेटमधली आहे, प्रेसला जाताना बदलते. आणि ते रफार फक्त मोबाईलवर तसे दिसतात." मी म्हणालो, "बरं. मग छापायला द्या."

बरं! एखाद्या ठेकेदाराने मला 'साहेब, भेग फक्त उन्हात दिसते' असं सांगितलं असतं तर मी त्याला कार्यालयातून बाहेर काढलं असतं. इथे 'बरं' म्हणालो, कारण त्या दिवसापर्यंत १,०८,१४० रुपये गेलेले होते. भांडलो तर काम थांबेल अशी भीती. गेलेले पैसेच माणसाचं तोंड बंद करतात. छपाईची संमती म्हणून माझा तो 'बरं' त्यांनी नंतर लेखी वापरला. प्रूफ मोबाईलवर बघून हो म्हणू नका. कागदावर काढा, लाल पेनाने खुणा करा, प्रत्येक पानावर सही करा, तारीख घाला.

त्यानंतरचे २७,००० रुपये मला सर्वांत जास्त टोचतात, कारण शंका आल्यानंतर दिले. डिसेंबरात १२,००० 'शासनमान्य यादी'साठी. त्या यादीवरून राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी, एकेक प्रत गेली तरी हजारो प्रती, असं गणित मांडून दाखवलं. छापून न झालेलं पुस्तक यादीत घालून देतो म्हणणारा खोटारडा असतो, एवढं मला कळायला हवं होतं. आणि १२ जानेवारीला १५,००० अमळनेरसाठी. २ ते ४ फेब्रुवारी २०२४ ला तिथे ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. 'ग्रंथप्रदर्शनात आमचा गाळा, तिथे तुमचं प्रकाशन, मान्यवरांच्या हस्ते,' असं सांगितलं. अमळनेर आमच्या खानदेशातलं. नातेवाइकांना सांगितलं. धाकटा भाऊ सुरतेहून आला. आईला गाडीत बसवून नेलं.

ग्रंथप्रदर्शनात मी तीन फेऱ्या मारल्या. आई एका खुर्चीवर, हातात घरून आणलेला हार. कंपनीच्या नावाचा गाळाच नव्हता. समन्वयक मुलीचा फोन बंद. चौथ्या फेरीला एका गाळेवाल्याने विचारलं, "कोणाला शोधताय?" नाव सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्ही आज तिसरे." आईने हार पिशवीत परत ठेवला. काही बोलली नाही.

मार्चमध्ये ट्रान्सपोर्टने एक खोका आला. साठ प्रती. मधोमध उघडली की पान हातात येतं, कारण नुसता गम लावलेला. ओळखीच्या प्रेसवाल्याने पान उजेडात तिरपं धरून दाखवलं: "अक्षरं चमकतायत, बघा. हे टोनर. ऑफसेट नाही, मशीनवरच्या डिजिटल प्रती आहेत." त्यानेच मला त्या वेळचा दर काढून दिला. डेमी आकार, ३२० पानं म्हणजे सोळा पानांचे वीस फॉर्म, ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, ३०० जीएसएमचं कव्हर, मॅट लॅमिनेशन, शिवून बांधणी, पाचशे प्रती. प्रतीला ११२ रुपये, एकूण ५६,०००. 'र्हायना' अर्थात तसाच छापलेला होता.

आयएसबीएन मी स्वतः तपासला. तुम्हीही तपासा, कागद-पेन पुरतं. तेरा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. माझ्या पुस्तकाची बेरीज ११७ आली. तीनदा केली. ६,५०० रुपये घेऊन या माणसांनी मनाने आकडे लिहिले होते आणि त्याचा बारकोड मलपृष्ठावर छापला होता.

ई-बुक किंडलवर आहे, पण त्यांच्या खात्यातून. विक्री झाली तर पैसे त्यांना. किंडलवर मराठी पुस्तक आपलं आपण टाकता येतं, पैसे लागत नाहीत. खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने उघडा, पासवर्ड कोणाला देऊ नका. आणि 'राष्ट्रीय ग्रंथालयात नोंद'? १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत कोलकात्याला स्वखर्चाने पाठवायचीच असते. जे त्यांचं कर्तव्य, ते सोय म्हणून विकलं. पाठवलं तेही नाहीच.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदाराने पावत्या चाळल्या आणि विचारलं, "करार केलाय का?" हो म्हटलं, ईमेलवर नऊ पानांचा आलाय. "मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, खोटा आयएसबीएन छापला, नसलेल्या गाळ्याचे पैसे घेतले, ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. तो म्हणाला, घटना आधीची, तेव्हा ४२० होतं. म्हणजे कलम कोणतं लागलं असतं हे त्याला पाठ होतं, लावायचं मात्र नव्हतं! दुसऱ्यांदा गेलो तर कंपनी पुण्याची आहे, तिकडे जा. पुण्यात त्या हद्दीच्या ठाण्यात गेलो तर पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे जा. एस.टी.चे, लॉजचे, झेरॉक्सचे मिळून ४,३०० रुपये गेले ते वेगळेच. एका साहेबांनी पुस्तक उलटंपालटं करून विचारलं, "या वयात कशाला हे?" चोर सोडून माझ्या वयाची चौकशी!

बँकेने एका ओळीत उत्तर दिलं, व्यवहार ग्राहकाने स्वतः केलेले आहेत. ग्राहकांच्या एका हेल्पलाइनवर नोंद केली. कंपनीने 'सेवा पुरवली आहे' एवढं लिहून पाठवलं आणि माझी तक्रार निकाली म्हणून बंद झाली. मला कोणी विचारलंही नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला तर तो आधीच रद्द झालेला होता. १४,०४० रुपयांचा कर कोणाच्या खिशात गेला, असा लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. तो क्रमांक पहिल्या दिवशी तपासायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही तपासा.

शेवटी ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकील नसला तरी चालतं. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं काय, तर पुस्तक विकण्यासाठी छापलं म्हणून मी व्यापारी, ग्राहक नाही. सात वर्षं पहाटे उठून लिहिणारा निवृत्त माणूस व्यापारी! मी निवृत्तिवेतनाची पासबुकं जोडली. दोन तारखा पुढे गेल्या, एकदा सदस्य नव्हते म्हणून, एकदा त्यांचा वकील आला नाही म्हणून. मधल्या काळात कंपनीने जागा सोडली. वकिलानेही अंग काढून घेतलं. आयोगाची शेवटची नोटीस 'सदर पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा होऊन परत आली आणि मला सांगण्यात आलं, नवा पत्ता तुम्ही शोधून द्या. यंत्रणेला जो सापडत नाही तो मी कुठून शोधू?

हक्कांबद्दल एक वकील भेटले, ते धीराचं बोलले. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि माझ्या सहीचं पाहिजे. त्या नऊ पानांवर मी सही केलेली नाही, नुसतं 'मिळालं' असं उत्तर पाठवलं होतं. म्हणजे कादंबरी अजून माझी आहे. तुमच्याकडे असा इंग्रजी करार आला तर सही करण्याआधी कोणाकडून तरी मराठीत समजून घ्या, मुदत किती वर्षांची ते बघा, आणि तुमच्या पानांची उघडी, म्हणजे बदल करता येणारी, फाईल मागून घ्या, नुसती पीडीएफ नको.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. मी पावत्यांची फाईल घेऊन जाणार आहे. अमळनेरला त्या गाळेवाल्याने 'तुम्ही आज तिसरे' म्हटलं होतं. आधीचे ते दोघं कोण, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्यांनी हे वाचलं तर मला त्यांच्या तारखा आणि पावत्या हव्या आहेत. एकापेक्षा जास्त तक्रारदार एकत्र गेले तर ठाण्यातला माणूस 'दिवाणी' म्हणताना निदान दोनदा विचार करेल.