एंडनोटमध्ये मोडी कागदांसाठी स्वतंत्र संदर्भप्रकार

साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळातील मोडी कागदांवर काम करताना ग्रंथाच्या किंवा लेखाच्या ठरावीक रकान्यांत नोंदी बसत नाहीत. कागद सनद आहे, महजर (सभेचा निर्णयलेख) आहे की निवाडा, तो कोणत्या दफ्तरातला आणि कोणत्या रुमालातला (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला), मिती कोणती, हे सारे वेगवेगळे नोंदवावे लागते. संदर्भ नोंदवून तळटीपा आणि संदर्भसूची तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी झोटेरो मोफत आहे आणि छापील साधनांसाठी मी तेच सुचवेन. परंतु त्यात वापरकर्त्याला नवा संदर्भप्रकार घडवता येत नाही, जास्तीचा तपशील ‘एक्स्ट्रा’ रकान्यात लिहावा लागतो. एंडनोट या त्याच प्रकारच्या सॉफ्टवेअरला पैसे मोजावे लागतात खरे, पण हे काम तिथे नीट होते.

त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘अनयूज्ड’ नावाचे तीन प्रकार मोकळे ठेवलेले आहेत. त्यांपैकी एक मी मोडी कागदांसाठी घेतला, ‘कस्टम’ रकान्यांना रुमाल क्रमांक, कागदाचा प्रकार आणि मूळ मिती अशी नावे दिली आणि नको असलेले रकाने नावाविना ठेवले, म्हणजे नोंद करताना ते समोर येत नाहीत. लेखक आणि वर्ष यांच्या जागा मात्र हलवू नयेत. शके १७४५ मधील निवाडा असेल, तर वर्षाच्या रकान्यात इसवी सन १८२३ (मिती जानेवारी १८२४ किंवा त्यानंतरची असल्यास १८२४) आणि मितीच्या रकान्यात मूळ शके लिहावे, म्हणजे कालक्रम बिघडत नाही. ‘प्रतापसिंह महाराज’ या नावाच्या शेवटी स्वल्पविराम दिला, की ‘महाराज’ हे आडनाव समजून नावाची उलटापालट होत नाही. आपल्याकडच्या नावांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

खरी मेहनत पुढे आहे. रकाने तयार केले म्हणून ते प्रबंधात उमटत नाहीत. आउटपुट स्टाइलमध्ये, म्हणजे संदर्भ कसे छापायचे हे ठरवणाऱ्या फाइलीत, त्या प्रकाराचा साचा स्वतः लिहावा लागतो, अन्यथा ‘जेनेरिक’ म्हणजे सर्वसाधारण साचा लागू होतो आणि रुमाल क्रमांक गळतो. तळटीपांचा साचा संदर्भसूचीहून वेगळा असतो, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही तपासावेत. शिवाय संदर्भप्रकारांतले हे बदल एंडनोटच्या लायब्ररीत (नोंदींच्या फाइलीत) नव्हे, त्या संगणकावर साठतात. महाविद्यालयातील संगणकावर काम न्यायचे असेल, तर संदर्भप्रकारांचा तक्ता एक्सपोर्ट करून तिथे इम्पोर्ट करावा आणि बदललेल्या स्टाइलची फाइलही सोबत न्यावी.