सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’: तीस हजार गेले, दोष होता साडेपाचशेचा

आमच्या गिरणारे पट्ट्यात दारोदारी पिकअप आहेत आणि टोमॅटोचा हंगाम तोंडावर आलाय, म्हणून हे लिहितोय. ऐन तोडणीत गाडी रुसली की माणूस घायकुतीला येतो. मग समोरचा जे सांगेल ते पटतं. आमचं तेच झालं.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. गाडी धाकट्या भावाची, सहा वर्षं जुनी डिझेल पिकअप. चालवतो तोच आणि त्याचं घरही तिच्यावरच चालतं. पावसाळा संपत आला तशी गाडीने खोड काढली. कधी एका सेल्फमध्ये चालू, कधी चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. चार-पाचदा मारल्यावर घेतली तर घेतली. चौघांनी ढकलली की मात्र दहा पावलांत चालू. एके दिवशी सत्तर कॅरेट भरून गाडी बांधावर उभी, पिंपळगावचा लिलाव गाठायचा, आणि सेल्फ लागेना. माल दुसऱ्या दिवशी गेला. पिकलेला टोमॅटो रात्रभर कॅरेटमध्ये दबला की त्याचं काय होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

नाशिकमधल्या एका गॅरेजला गाडी नेली. मालकाने बॅटरीला मीटरसुद्धा न लावता सांगितलं, बॅटरी गेली. ६,८०० रुपये. जुनी त्याने ठेवून घेतली. नऊ दिवस गाडी चांगली चालली, मग पुन्हा ‘टक्’. आता म्हणाला, सेल्फ बसलाय, कंपनीचा नवीन टाकू. ९,५०० रुपये. त्यानंतर दोन आठवडे गाडी एका हाकेला चालू व्हायची, त्यामुळे आमचा विश्वास उलट वाढला. तिसऱ्यांदा त्याने स्कॅनर लावला, स्क्रीनवरची लाल अक्षरं दाखवली. “दादा, ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, पाणी गेलंय. पुण्याला पाठवून रिपेअर करावा लागेल. नवीन घ्याल तर डबल पैसे.” १४,००० रुपये. भावाने सोसायटीचा हप्ता थांबवून ते भरले. तीन दिवसांनी गाडी मिळाली. चौथ्या दिवशी पेठ रोडला पुन्हा तेच.

तिथे एका वायरिंगवाल्या काकांना बोलावून आणलं. त्यांनी आधी काय काय बदललं ते विचारलंच नाही. म्हणाले, “टक् होताना हेडलाइट मंद होतो का?” लावून बघितला, जराही मंद होत नव्हता. दुसरा प्रश्न, “ढकलून चालू होते ना? मग ईसीएम कसा गेला?”

हा प्रश्न आम्हाला महिनाभर सुचला नाही, याची हळहळ अजून वाटते. ढकलल्यावर इंजिन लगेच घेतं याचा अर्थ डिझेल येतंय, इंजेक्टर चालतायत, ईसीएम शाबूत आहे. इंजिन फिरवायला फक्त सेल्फला ताकद मिळत नाही. म्हणजे शोधायचं ते बॅटरीपासून सेल्फपर्यंत आणि तिथून परत बॅटरीपर्यंत, एवढ्याच वाटेत.

काकांनी मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी थेट इंजिनच्या धातूवर धरली आणि सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर ४ व्होल्टच्या वर आकडा आला. “इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये,” काका म्हणाले. त्यांनी जंपर केबलचं (एका बॅटरीवरून दुसरीला करंट द्यायची जाड वायर) एक टोक मायनसला आणि दुसरं इंजिनला लावलं. गाडी पहिल्या सेल्फला चालू.

खाली वाकून बघितलं. चेसिसपासून गिअरबॉक्सकडे जाणारी तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती. तारा तुटून जेमतेम चार-पाच धाग्यांवर लटकत होती. चिमटीत धरली तर बोटांना हिरवी भुकटी लागली. हेडलाइटचं अर्थिंग बॉडीला, म्हणून तो झकास पेटायचा. सेल्फचा सगळा करंट मात्र याच पट्टीतून परत जाणार. नवीन पट्टी ३५० रुपये, मजुरी २००. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही ‘टक्’ नाही.

कुणी म्हणेल, मेकॅनिकला सापडलं नसेल, फसवलं कशावरून? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ही पट्टी सेल्फच्या बोल्टखालीच आवळलेली होती. सेल्फ काढायचा तर ती हातात घेऊन बाजूला करावीच लागते. बोल्ट परत कसताना जागा घासली गेली, तात्पुरता संपर्क मिळाला आणि गाडी दोन आठवडे चालली. ते यश नव्या सेल्फच्या नावावर जमा झालं. तो सेल्फही नवीन नव्हता. काकांनी नखाने काळा रंग खरवडला तर खाली जुना गंज. स्क्रूच्या खाचांतसुद्धा रंग भरलेला. आणि ईसीएम? त्याच्या बोल्टवर आणि सॉकेटच्या क्लिपवर अख्ख्या पावसाळ्याचा चिखल सुकून बसला होता, कुठे तडासुद्धा नाही. तो डबा जागचा हललाच नव्हता. या सगळ्याचे फोटो मी तिथेच काढले.

गॅरेजला जाऊन जुना सेल्फ मागितला. “भंगारवाला घेऊन गेला.” बिल मागितलं तर, “आधी सांगायचं ना, जीएसटी लागला असता.”

‘टक्’ होत असेल तर पार्ट बदलायच्या आधी जंपर केबलची ही परीक्षा समोर उभं राहून करून घ्या. केबल बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या धातूवर, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन घेत नाही, तर ते दुखणं वेगळं: डिझेलने एअर घेतली असेल, फिल्टर चोंदला असेल, किंवा गरम झाल्यावरच होत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते ईसीएमला कळवणारा). निफाडकडच्या थंडीत फक्त पहाटे त्रास होत असेल तर आधी हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) तपासा. आणि काढलेला पार्ट तिथल्या तिथे पिशवीत घालून घरी आणा, बॅटरी बदल्यात देत असाल तर तिचे किती धरले ते बिलावर लिहून घ्या.

बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. गाडी धंद्याची असली तरी मालक स्वतः पोटासाठी चालवत असेल तर तो ग्राहकच ठरतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल नसलं तरी तिन्ही वेळचे पैसे भावाने फोनवरून पाठवले होते, त्याच्या नोंदी आहेत. चिखलाने माखलेल्या त्या बोल्टचे फोटोही आहेत.