स्वस्तातला सॉफ्टबॉक्स संच: पेट्या ठेवा, बल्ब बदला

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो. खिडकीच्या उजेडावर मालाचे फोटो काढणाऱ्यांची तेव्हा पंचाईत होते. चपला, कोल्हापुरी साज, हुपरीची चांदी घरून विकणारे मग ऑनलाइन मिळणारा दोन सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे बल्बचा उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेट्यांचा, संच मागवतात. शिक्का कुठलाही असो, आतला माल जवळपास सारखाच: ५० बाय ७० सेंटीमीटरच्या दोन पेट्या, दोन मीटरपर्यंत चढणारे दोन स्टँड, होल्डर, बल्ब आणि पिशवी. साधारण दोन ते साडेतीन हजारांत काम होतं.

पेट्यांना नाव ठेवायला जागा नाही. आतलं चंदेरी अस्तर आणि पुढचं पांढरं कापड उजेड नीट पसरवतं. जोडताना समोरासमोरच्या दोन काड्या आधी खोचा, मग उरलेल्या दोन. ओळीने खोचत गेलात तर चौथी काडी वाकते. बल्ब सगळ्यात शेवटी लावा, आणि सीएफएल असेल तर नळीला न धरता बुडाला धरून फिरवा.

संचाची खरी पडती बाजू म्हणजे सोबतचे बल्ब. सीएफएल पूर्ण उजळायला मिनिटभर तरी घेतो आणि तोवर त्याचा रंगही बदलत राहतो. स्वस्त एलईडीचं दुखणं वेगळं: लाल रंग मरतो. खोक्यावर ‘सीआरआय ८०’ (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) लिहिलेलं असतं, पण तो आकडा ज्या आठ फिक्या रंगांवर काढतात त्यांत गडद लाल नसतोच. म्हणून चपलेचा लाल गोंडा फोटोत विटकरी दिसतो आणि गिऱ्हाईक ‘रंग वेगळा आला’ म्हणून माल परत पाठवतं. सीआरआय ९० किंवा वरचे, ५,००० ते ६,५०० केल्विनचे (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे पांढरे) बल्ब घ्या, आणि दोन्ही पेट्यांत एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे. होल्डर ई-२७ म्हणजे आट्यांचा असतो. आपल्याकडे घरोघरी पिनचे बल्ब, त्यामुळे दुकानात ‘स्क्रूचा द्या’ असं स्पष्ट सांगा. नऊ वॅटचा एलईडी साधारण ९०० लुमेन देतो, एका पेटीला तो अपुरा. चार बल्बांचा होल्डर असेल तर उत्तम, मात्र वजनाने सांध्याचं प्लास्टिक घसरून पेटी मान टाकते. स्क्रू घट्ट आवळा आणि स्टँडच्या पायावर दोन किलो वाळूची पिशवी ठेवा.

फोटोत आडवे काळसर पट्टे आले तर मोबाइलला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेरा अ‍ॅपच्या प्रो मोडमध्ये शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, मोबाइल ट्रायपॉडवर आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० च्या आसपास. खोलीतला पिवळा दिवा बंद, खिडकीला पडदा. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचं सेटिंग) ऑटोवर सोडू नका, नाहीतर दर फोटोला पांढरी पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची येईल. ती करडी दिसत असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) अर्धा ते एक स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड.

संचासोबतच्या चित्रात दोन्ही दिवे ४५ अंशांवर समोरून लावलेले दाखवतात. चपलेला हे अजिबात करू नका. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की सावली पुसली जाते आणि वेणी चितारल्यासारखी सपाट दिसते. गिऱ्हाईक तर कारागिरीचे पैसे देतं. एकच पेटी चपलेच्या बाजूला, थोडी मागे, साधारण ६० सेंटीमीटरवर ठेवा. समोरच्या अंगाला पांढरा थर्माकोल. दुसरा दिवा फक्त पार्श्वभूमीवर टाका. पेटी लांब नेली की उजेड झपाट्याने कमी होतो आणि सावली कडक होते, म्हणून चौकटीत दिसणार नाही इतपत जवळच असू द्या.

साजाचं गणित उलटं. फुगीर मणी म्हणजे छोटे बहिर्गोल आरसेच. त्यात दोन्ही पेट्या, छत, तुमचा शर्टसुद्धा दिसतो. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, काचेतला झगझगाट डोळ्यांना बरा वाटतो, फोटोत तो डाग होतो. पेटी आणि दागिन्याच्या मध्ये ट्रेसिंग पेपरचा मोठा पडदा टांगा, दिवा वरून आणा आणि मण्यांना कडा हवी असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या करा. कपडे काळे घाला. रिंग लाइट तर चुकूनही नको, प्रत्येक मण्यात बांगडी उमटते.

पावसाळ्यात पेटी दमट असताना गुंडाळली तर कापडावर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. पंख्याखाली वाळवून मगच पिशवीत भरा.

पळणाऱ्या पोरांचे फोटो काढायचे असतील तर हा संच घेऊ नका. त्याला १/२५० च्या आसपास शटर लागतं, तेवढा उजेड या बल्बांत नाही. कॅमेरा असेल तर साधा मॅन्युअल फ्लॅश, तो दुरून पेटवणारा ट्रिगर आणि ३३ इंची पांढरी छत्री घ्या. मोबाइलला मात्र असा फ्लॅश सहसा चालत नाही.