आंदोलन की गमक?

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातल्या या दोन्हींत स्वर हलतो, पण हलण्याची जात वेगळी. आंदोलन म्हणजे स्वर संथपणे, जेमतेम वरखाली झुलवणं. दरबारी कानडा रागातला कोमल गंधार (उतरलेला ग) ऐका: ऋषभाच्या (रे) आधाराने सावकाश डोलतो, मुळात अतिकोमल, म्हणजे नेहमीच्या कोमलाहूनही जरा खाली लागतो. तोच सरळ उभा लावला, तर दरबारी उरतच नाही. भैरव रागातल्या कोमल ऋषभ-धैवताचंही (रे-ध) तेच. घाई केली की राग गेला. सतारीवर हे काम पडद्यावर तार किंचित ओढून होतं. हार्मोनियमच्या पट्ट्या पडल्या ठरलेल्या, तिने इथे गप्प बसलेलं बरं.

गमक जोरकस. शेजारच्या स्वरावरून धक्का घेत, दम लावून प्रत्येक स्वर घुमवायचा. ध्रुपद या गायनप्रकारात आणि ख्यालगायनाच्या तानांत (स्वरांच्या जलद ओळींत) ती शोभते, मात्र एखाद्या रागाची ओळखच तिच्यावर टांगलेली असते असं सहसा नाही.

शिकणाऱ्याने आधी काय धरावं? माझ्या मते आंदोलन. गमकेत आवाजाचा दणका थोडाफार बेसूरपणा झाकून नेतो. आंदोलनात तानपुरा लगेच चुगली करतो. आणि हो, दम न पुरल्यामुळे होणारी गळ्याची थरथर या दोन्हींत मोडत नाही, कितीही टाळ्या मिळाल्या तरी.