पेलिकन ११७०: पेटी पक्की आहे, पण ती कुठे उतरवताय ते आधी पाहा

अमेरिकेत देशांतर्गत विमानाने पिस्तूल न्यायचं तर टीएसएच्या, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अटी मोजक्या आहेत. हत्यार रिकामं हवं, कडक आवरणाच्या कुलूपबंद पेटीत हवं, चेक-इन सामानातच हवं आणि दर वेळी काउंटरवर सांगून दिलेलं हवं. लोक अडकतात ते बहुधा पेटीपाशी. पिस्तुलाबरोबर दुकानातून मिळणारा प्लास्टिकचा डबा पुरेसा सुरक्षित असेलच असं नाही, हे टीएसए स्वतःच सांगते. असल्या डब्याला मधोमध कुलूप लावलं तरी कोपरा उचकटून आत बोटं घालता येतात.

पेलिकन कंपनीच्या ११७० या कडक पेटीत ही भीती उरत नाही. आतली जागा साधारण साडेदहा इंच लांब, सहा इंच रुंद आणि तीन इंचांहून थोडी जास्त खोल आहे. ग्लॉक १९ पिस्तूल आणि दोन जादा मॅगझिन (गोळ्या भरायचे खोके) आरामात बसतात, पाच इंची नळीचं ‘१९११’ नमुन्याचं पिस्तूल सुद्धा मावतं. सहा इंची नळीचं रिव्हॉल्व्हर मात्र बसणार नाही, त्यासाठी मोठा नमुना घ्या.

कुलपासाठी दोन भोकं आहेत आणि दोन्हीत कुलूप हवंच. एकच लावलं तर दुसऱ्या बाजूला नुसती खिट्टी उरते. ती उघडून झाकण वाकवलं की फट पडते आणि पेटी नापास होते. कुलपं लावल्यावर चारही कोपरे अंगठ्याने उचकटून बघा. कुलपाची कडी लांबट असेल तर तेवढाच ढिलेपणा राहतो, म्हणून आखूड आणि जाड कडीचं घ्या. टीएसएची कुलपं (तपासनिसांना मास्टर किल्लीने उघडता येणारी) चालतात, पण त्यांच्या मास्टर किल्ल्यांचे फोटो २०१५ मध्येच बाहेर फुटले आणि लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर त्या बनवल्याही. पिस्तुलाच्या पेटीला साधं भक्कम कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. टीएसएचं कुलूप बाहेरच्या सुटकेसला पुरे.

हवेचा दाब सारखा करणारा व्हॉल्व्ह ही या पेटीची दुसरी जमेची बाजू. हवाबंद पेटी तो नसेल तर उतरल्यावर घट्ट चिकटून बसते. फोम तेवढा सांभाळायला हवा. हाताने तोडून आकार देता येतो, पण घाईने तोडला तर कडा झिजत जातात आणि पिस्तूल खुळखुळतं. हा फोम ओल धरतो. मुक्कामी पोचल्यावर पिस्तूल त्यातच महिनोन्‌महिने राहिलं तर स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) गंजाचे ठिपके उमटतात. पेटी प्रवासापुरती वापरा.

काउंटरवर ‘माझ्याकडे गन आहे’ असं मोठ्याने म्हणू नका. ‘मला चेक-इन बॅगेतलं फायरआर्म डिक्लेअर करायचंय’ असं शांतपणे सांगा. एक कार्ड भरून सही करावी लागते. ते सुटकेसच्या आत जातं. बाहेरून दिसेल अशी बंदुकीची चिठ्ठी लावायला प्रवाशाला भाग पाडणं संघराज्याच्या कायद्यानेच विमान कंपनीला मना आहे. कुणी लावू लागलं तर सुपरवायझरला बोलवा. नंतर तपासणी होईपर्यंत तिथून हलू नका, किल्ली मागितली जाऊ शकते. काडतुसं मूळ खोक्यात किंवा काडतुसांसाठीच्या डब्यात हवीत. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा ११ पौंडांची आहे. रिकामं मॅगझिनही केबिन बॅगेत चालत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत ६,६७८ बंदुका पकडल्या गेल्या आणि त्यातल्या सुमारे ९४ टक्के भरलेल्या होत्या. बॅग भरण्याआधी तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकणं एवढाच यावर उपाय.

इथपर्यंत पेटी तुमची पाठराखण करते. उतरल्यावर राज्याचा कायदा सुरू होतो, आणि टेक्ससमधल्या डॅलसहून न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे येणाऱ्या मराठी माणसाने नेमकं हेच समजून घ्यायला हवं. टेक्ससचा कॅरी परवाना (पिस्तूल अंगावर बाळगण्याचा) न्यू जर्सी मानत नाही. ग्लॉक १९ चं नेहमीचं मॅगझिन १५ गोळ्यांचं असतं, न्यू जर्सीची मर्यादा १० आहे. म्हणजे ते मॅगझिनच तिथे बेकायदा. परवान्याविना पिस्तूल बाळगण्याच्या गुन्ह्याला तिथे पाच ते दहा वर्षांची कैद आहे. कोलोरॅडोत मर्यादा १५ ची, तिथे ग्लॉक १९ चालेल, पण ग्लॉक १७ चं १७ गोळ्यांचं मॅगझिन नाही. २०२४ मध्ये लुईझियाना आणि साउथ कॅरोलायना धरून परवान्याशिवाय कॅरी चालणारी राज्यं २९ झाली, पण परवाना घरी ठेवू नका. शाळेपासून १,००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल जवळ बाळगायला संघराज्याचा कायदा त्याच राज्याचा परवाना मागतो.

१९८६ च्या संघराज्य कायद्याने वाटेतल्या राज्यातून नुसतं जाण्याला संरक्षण दिलंय, पण ते फार पातळ आहे. २००५ मध्ये युटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर पुढची सोय चुकली, बॅग हातात मिळाली, रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी नियमाप्रमाणे काउंटरवर पिस्तूल जाहीर करताच त्याला अटक झाली. बॅग रात्रभर त्याच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण लागू नाही, असं अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. तेव्हा नेवार्क किंवा न्यूयॉर्कच्या जेएफके, लाग्वार्डिया विमानतळावर अडकलात तर ती सुटकेस पट्ट्यावरून उचलूच नका. विमान कंपनीला ती पुढे पाठवायला सांगा, नाहीतर हात लावण्याआधी विमानतळ पोलिसांशी बोला. खरं तर तिकीट काढतानाच हे तिन्ही विमानतळ टाळलेले बरे.

एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याच्या) व्हिसावर असाल तर पेटी घेण्याआधीच थांबा. अशा नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा संघराज्याचा गुन्हा आहे. अमेरिकेतल्या राज्याचा शिकारीचा परवाना असणं यांसारखे थोडेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

ही पेटी आणि नेमबाजीच्या रेंजवर नेलेली कोणतीही बॅग भारताच्या प्रवासाला वापरू नका. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या एक्स-रेत दिसलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ते नकळत राहिलं होतं हे पुढे कोर्टात सिद्ध करता येतं, पण तोवर परतीचं विमान गेलेलं असतं.